मध्यरात्रीचा कोड सकाळी अकराला

3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेने कराचे दर बदलले. बहुतेक औषधांवरचा 12 टक्के कर 5 टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण उठला आणि नवे दर लागू व्हायची तारीख ठरली 22 सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस. वर्तमानपत्रांत काय काय स्वस्त होणार याचे तक्ते छापून आले. घाटकोपरच्या एखाद्या घाऊक औषधविक्रेत्याला मात्र त्या बातमीत वेगळंच काही दिसलं असणार. 21 तारखेच्या रात्री बाराच्या आत काढलेलं बिल 12 टक्क्यांनी, बारा वाजून गेल्यावर काढलेलं 5 टक्क्यांनी. आणि ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या, म्हणजे जुन्याच दराने.

समजा, या विक्रेत्याची ऑर्डर घेणारी आणि बिलं काढणारी वेबसाइट मरोळमधल्या पाच-सहा जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने केली आहे. अंधेरी पूर्वेला अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत. 1973 मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झालं, तेव्हापासून हा भाग संगणकवाल्यांच्या ओळखीचा. प्रोग्रॅमरने आपल्या लॅपटॉपवर कराचा हिशेब बदलला. काम फार तर अर्ध्या दिवसाचं. पण वेबसाइट त्याच्या लॅपटॉपवर चालत नाही. ती कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालते आणि त्या क्षणीही तिथे कोणीतरी ऑर्डर टाकत असतो. लॅपटॉपवरचा बदल तिथवर न्यायचा, चालू दुकान बंद न पाडता न्यायचा आणि बिघडलं तर मागे घ्यायचा, याला डिप्लॉयमेंट म्हणतात. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या पुस्तकांत त्यावर एखादं प्रकरण असलं तर असतं. कंपन्यांची झोप उडते ती मात्र इथेच.

बरीच वर्षं हे काम हाताने व्हायचं, अजूनही पुष्कळ ठिकाणी होतं. फाइलझिला उघडायचं, डावीकडे आपला लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर, बदललेल्या फायली इकडून तिकडे ओढायच्या. जुनी फाइल हाताशी असावी म्हणून तिचं नाव बदलून ठेवायचं. मग सर्व्हरवर 'बिलिंग_ओल्ड', 'बिलिंग_ओल्ड2', 'बिलिंग_फायनल_नवीन' अशी भावकी जमत जाते. डेटाबेसमध्ये एखादा रकाना वाढवायचा असेल तर ती आज्ञा व्हॉट्सॲपवरून उतरवून चालवायची, सर्व्हिस रिस्टार्ट करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. हे सगळं रात्री, कारण रात्री गिऱ्हाईक कमी. सीप्झ, चकाला, मरोळमधल्या ऑफिसांत 'आज रिलीज आहे' याचा अर्थ घरी कळवून टाकायचं की शेवटची लोकल चुकणार. बोरिवलीला राहणारा रिक्षा पकडतो, मुलुंडचा पहाटेपर्यंत ऑफिसातच पाठ टेकतो.

दमलेल्या माणसाने अंधारात नाजूक काम करावं, हीच मुळात विचित्र व्यवस्था आहे. त्याहून वाईट म्हणजे कुठली फाइल आधी न्यायची, कुठली सर्व्हिस नंतर सुरू करायची, कुठल्या सर्व्हरचा पासवर्ड निराळा आहे, हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं. 2025 चा गणेशोत्सव 27 ऑगस्टपासून 6 सप्टेंबरपर्यंत होता. म्हणजे परिषदेचा निर्णय आला तेव्हा तो माणूस कणकवलीला आरत्या म्हणत असण्याची शक्यता दांडगी, आणि फोनला रेंज असण्याची शक्यता बेताची.

हाताने केलेल्या कामाची किंमत किती असू शकते याचं एक फार महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नाइट कॅपिटल ही तिथली शेअर बाजारातली मोठी दलाल कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात एक नवी सोय सुरू व्हायची होती, त्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला. टाकणाऱ्याने सात सर्व्हरवर टाकला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही, कारण तपासावं असा लेखी नियमच नव्हता. त्यात भर अशी की नव्या सोयीसाठी कोडमधली एक जुनी खूण पुन्हा वापरली होती आणि आठव्या सर्व्हरवर त्या खुणेचा अर्थ होता 2003 पासून न वापरलेला एक जुना प्रकार चालू करणं. बाजार उघडला आणि तो सर्व्हर भरमसाट सौदे करत सुटला. 45 मिनिटांत 40 लाखांवर व्यवहार आणि 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा. गोंधळात उपाय काय केला, तर नवा कोड नीट बसलेल्या सातही सर्व्हरवरून तो काढून टाकला. आता आठही सर्व्हर चुकीचे झाले. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

या प्रकरणाचा सरकारी चौकशी आदेश वाचला की जाणवतं, प्रोग्रॅमरची चूक त्यात दुय्यम आहे. सात ठिकाणी झालेलं काम आठव्या ठिकाणी झालं की नाही, हे सांगणारी यंत्रणाच नव्हती. सर्व्हरची यादी एका फाइलमध्ये आहे, यंत्र ती वाचून प्रत्येक सर्व्हरवर तेच काम करतं आणि एकही चुकला तर थांबून बोंब मारतं, एवढं असतं तरी तो दिवस टळला असता.

असं यंत्र उभं राहतं ते कोडच्या रिपॉझिटरीच्या आधाराने. बोलताना सगळे तिला 'रिपो' म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं आणि आज बहुतेक रिपो गिटमध्येच असतात. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली याचा पूर्ण इतिहास त्यात राहतो. प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, मजकुरावरूनच काढलेला 40 अक्षर-अंकांचा ठसा असतो. एक स्वल्पविराम बदला, ठसा बदलतो. त्यामुळे 'सध्या लाइव्ह काय आहे?' या प्रश्नाला 'बहुतेक परवाचंच' असं उत्तर द्यावं लागत नाही; ठसा सांगितला की झालं.

ऑटोमेशनची खरी युक्ती अशी की डिप्लॉयमेंट कसं करायचं, तेही याच रिपोत एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. कणकवलीला गेलेल्या माणसाच्या डोक्यातलं सगळं त्या फाइलमध्ये उतरतं. त्यात कोणी बदल केला तर दुसऱ्याला दिसतो, आक्षेप घेता येतो, मागे घेता येतो. गिटहबने 2018 मध्ये जाहीर केलेलं 'ॲक्शन्स' आणि गिटलॅबची पाइपलाइन याच धर्तीवर चालतात. त्याआधी कोहसुके कावागुची या जपानी प्रोग्रॅमरने सन कंपनीत असताना लिहिलेल्या साधनाचं राज्य होतं. त्याचं मूळ नाव हडसन. सन ओरॅकलने विकत घेतल्यावर नावावरून बिनसलं आणि 2011 पासून ते जेन्किन्स झालं. मोठ्या कंपन्यांत अजूनही जेन्किन्स जागोजाग भेटतं. डिप्लॉयमेंटची ही फाइल बहुधा यॅमल नावाच्या पद्धतीने लिहितात. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला दोन मोकळ्या जागांऐवजी तीन पडल्या तरी सगळं अडतं. चांगल्या कल्पनेला इतकी रडकी लिपी का मिळाली, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता कराचा बदल या वाटेने जाताना पाहू. प्रोग्रॅमरने स्वतःच्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या समांतर शाखेवर, बदल केला आणि पुश केला, म्हणजे रिपोत पाठवला. त्याबरोबर कुठेतरी एक कोरं यंत्र जागं होतं. याला रनर म्हणतात. त्याच्यावर आधीचं काही नसतं. ते रिपोतून कोड घेतं, लागणाऱ्या लायब्ररी नेमक्या ठरलेल्या आवृत्तीच्या बसवतं आणि रिपोतच लिहिलेल्या चाचण्या चालवतं. आपल्या चाचण्या तीन: 21 सप्टेंबर रात्री 11.59 चं बिल 12 टक्क्यांनी निघालं पाहिजे, 22 सप्टेंबर मध्यरात्री 12.01 चं 5 टक्क्यांनी, आणि ऑगस्टच्या बिलाची ऑक्टोबरमधली क्रेडिट नोट 12 टक्क्यांनी.

लॅपटॉपवर तिन्ही पास. रनरवर दुसरी नापास.

कारण साधं आहे आणि दर वेळी कोणाला तरी चावतं. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर, रनरचं आणि बहुतेक सर्व्हरचं जागतिक वेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे. मुंबईत 22 तारीख लागते तेव्हा त्या सर्व्हरच्या लेखी 21 तारखेच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. 'आजची तारीख' सर्व्हरला विचारणाऱ्या कोडने नवा दर पहाटे साडेपाचला सुरू केला असता. रात्री बारा ते साडेपाच या वेळात बाहेरगावच्या औषधदुकानांनी टाकलेल्या ऑर्डरींची बिलं चुकली असती आणि ती निस्तरायला विक्रेत्याची हिशेबनीस दिवाळीपर्यंत बसली असती. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. कोऱ्या यंत्रावर चाचणी घेण्याचा आग्रह त्या वाक्यासाठीच आहे.

दुरुस्ती झाली, सहकाऱ्याने बदल वाचून मंजूर केला, मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाला. मग रनर त्या कोडचं एक बंद गाठोडं बनवतो. आजकाल ही बहुधा डॉकरची इमेज असते. डॉकर 2013 मध्ये आलं आणि कोडबरोबर त्याला लागणारं सगळं बांधून न्यायची सोय झाली. गाठोड्यावर कमिटचा ठसा चिकटवतात. ते एकदाच बांधायचं, हा नियम फार महत्त्वाचा. चाचणीसाठी एक आणि लाइव्हसाठी नव्याने दुसरं बांधलं, तर मधल्या वेळात एखादी लायब्ररी बदललेली असू शकते. मग तपासलं एक आणि चालवलं भलतंच. सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची चावी अशा जागेप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी गाठोड्याबाहेर ठेवतात आणि चालवताना पुरवतात.

गाठोडं आधी जातं स्टेजिंगवर. बँका आणि विमा कंपन्यांची कामं करणारे मुंबईकर त्याला सरसकट 'यूएटी' म्हणतात, पण हेतू तोच: खऱ्यासारखी दिसणारी पण खरी नसलेली जागा. इथे मुख्य ब्रँचमध्ये काही आलं की कोणाला न विचारता आपोआप चढतं. विक्रेत्याची हिशेबनीस तिथे जाऊन दहा बिलं काढून बघते. पेमेंट गेटवे चाचणीच्या मोडवर, एसएमएस कुठेच न पोचणारे, ग्राहकांची नावं आणि फोन बदललेले. हे शेवटचं आळसाने राहून जातं. मग स्टेजिंगवरून खऱ्या दुकानदाराला खऱ्या फोनवर 'आपली ऑर्डर रवाना झाली' असा निरोप जातो आणि तो फोन करून विचारतो, कुठली ऑर्डर?

स्टेजिंग कितीही नेटकं असलं तरी ते थोडं खोटं बोलतंच. तिथे तीनशे औषधं असतात, प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू वेबसाइटवर, तीस हजार. तिथे एक हिशेबनीस, इथे सोमवारी सकाळी दोनशे दुकानं एकदम. शेअर बाजारांनी यावर शोधलेला उपाय मला आवडतो. बाजार बंद असलेल्या शनिवारी एनएसई आणि बीएसई मॉक ट्रेडिंग घेतात. देशभरचे दलाल आपापली सॉफ्टवेअरं जोडून खोटे सौदे करतात. स्टेजिंगला खऱ्या माणसांची गर्दी आणून द्यायचा हा मार्ग.

त्यानंतरही खात्री नसेल तर थोड्यांवर करून बघायचं. सेबीने सौदे मिटवण्याची मुदत दोन दिवसांवरून एक दिवसावर आणली, ती अशीच. 25 फेब्रुवारी 2022 ला बाजारमूल्याने सर्वांत लहान अशा 100 कंपन्यांपासून सुरुवात झाली. मार्चपासून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी खालून वर 500-500 कंपन्या आणि बड्या कंपन्या अगदी शेवटी, 27 जानेवारी 2023 ला. वांद्रे-कुर्ला संकुलातून चाललेलं हे काम निव्वळ सॉफ्टवेअरचं नव्हतं, त्यात बँका होत्या, डिपॉझिटरी होत्या, परदेशी गुंतवणूकदारांच्या तक्रारी होत्या. पण लहानांपासून मोठ्यांकडे जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून बघायचं, हे सॉफ्टवेअरमधल्या टप्प्याटप्प्याच्या रोलआउटचं चोख उदाहरण आहे.

स्टेजिंगवर सगळं ठीक दिसलं की प्रॉडक्शनला टाकायचं. बहुतेक जण इथे एक फाटक ठेवतात: पाइपलाइन, म्हणजे पुशपासून इथवरची टप्प्यांची साखळी, थांबते आणि ठरलेल्या माणसाने मंजुरीचं बटण दाबलं की तेच गाठोडं पुढे सरकतं. पुढची हालचाल मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्याला समजावून सांगायला नको. रविवारी माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर मेगाब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून सोडतात. इकडे रूळ दुरुस्त होतात, तिकडे माणसं घाटकोपरला उतरत असतात. डिप्लॉयमेंटमध्येही जुन्या आवृत्तीशेजारी नवी उभी करतात. ती जागी आहे ना, डेटाबेसशी बोलते ना, हे यंत्र दर काही सेकंदांनी विचारतं. होकार आला की नव्या विनंत्या तिच्याकडे वळवायच्या आणि जुनी तासभर तशीच चालू ठेवायची. बिघडलं तर उलट वळवायचं. यात जे अडकतं तेही रेल्वेसारखंच. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला जलद मार्गावर गाडी थांबत नाही, त्या प्रवाशांचे हाल होतात. ज्याची अर्धवट भरलेली ऑर्डर फक्त जुन्या सर्व्हरच्या स्मृतीत होती, त्याला नव्यावर ती सापडत नाही. म्हणून असं काही सर्व्हरच्या स्मृतीत ठेवायचं नाही, डेटाबेसमध्ये ठेवायचं.

डेटाबेस हा मात्र सगळ्यांत अवघड भाग आहे आणि त्याबद्दल ऑटोमेशन विकणारे कमी बोलतात. कोड मागे घेता येतो. नव्या कोडने तासाभरात लिहिलेल्या चारशे बिलांचं काय? आपल्या वेबसाइटमध्ये कराचा दर प्रत्येक औषधापुढे एका रकान्यात होता. आता 'कुठल्या तारखेपासून कुठला दर' असा वेगळा तक्ता हवा. रकाना पुसून तक्ता आणला तर शेजारी चालू असलेली जुनी आवृत्ती तत्क्षणी कोसळेल. म्हणून आधी नुसता तक्ता वाढवायचा, रकान्याला हात न लावता. मग तक्ता वाचणारा कोड चढवायचा. काही आठवडे सुरळीत गेले आणि रकाना कोणीच वाचत नाही हे दिसलं, की तो काढायचा. एका बदलाची तीन डिप्लॉयमेंटं झाली. हाताने करणारा माणूस हे कधीच करणार नाही, तो एका रात्रीत उरकेल. डिप्लॉयमेंट बटणावर आलं की तीन वेळा करायचा कंटाळा येत नाही, आणि माझ्या मते सबंध ऑटोमेशनचा सर्वांत मोठा फायदा हाच. 2009 मध्ये फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी आपण दिवसाला दहाहून अधिक वेळा डिप्लॉय करतो असं एका परिषदेत सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो अविचार वाटला असेल. पण एका वेळी दहा ओळीच बदललेल्या असल्या तर काय बिघडलं ते शोधायला दहाच ओळी वाचाव्या लागतात.

डेटाबेसची सर्वांत बोलकी गोष्ट खुद्द गिटलॅबची आहे, म्हणजे इतरांना पाइपलाइन पुरवणाऱ्या कंपनीची. 31 जानेवारी 2017 च्या रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करत बसलेल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड निघाली नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने मुकाट्याने अपयशी ठरत होता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. वाचवलं कशाने? सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने स्टेजिंगवर काहीतरी तपासायचं म्हणून प्रॉडक्शनची एक प्रत काढली होती. स्टेजिंगच्या मंद डिस्कवरून ती परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले. कंपनीने ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, हे मात्र मानायला हवं.

पुन्हा आपल्या बिलांकडे. नवा कोड प्रॉडक्शनला कधी टाकायचा? 21 तारखेच्या मध्यरात्री, हे सहज सुचणारं उत्तर चुकीचं आहे. कोड टाकणं आणि नवा दर सुरू होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तारखेप्रमाणे दर शोधणारा कोड 10 सप्टेंबरला सकाळी अकराला चढवता येतो. सगळे ऑफिसात, चहा झालेला, हिशेबनीस फोनवर. त्या दिवशी ग्राहकाला काहीच वेगळं दिसत नाही. बारा दिवस तो कोड जुन्याच दराने खरी बिलं काढत राहतो, म्हणजे त्याची मोडतोड व्हायची असेल तर आधीच होते. 21 च्या रात्री कोणी काही करत नाही. तारीख बदलते, तक्त्यातली पुढची ओळ लागू होते. तारखेशी बांधता न येणाऱ्या गोष्टींसाठी कोडमध्ये खिट्टी ठेवतात, तिला फीचर फ्लॅग म्हणतात. काम झालं की खिट्टी काढून टाकायची. नाइट कॅपिटलने नऊ वर्षं निकामी पडलेला कोड ठेवून त्याचीच खूण नव्या कामाला जुंपली होती.

इथवर वाचून ऑटोमेशन म्हणजे निर्धोक असं वाटलं असेल तर 19 जुलै 2024 आठवावा. शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर आपोआप पाठवली. फाइल सदोष होती. ती तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दोष होता. आणि ती थोड्यांना आधी, बाकीच्यांना नंतर अशी न जाता सगळ्यांना एकदम गेली. 78 मिनिटांत ती मागे घेतली, तोवर सुमारे 85 लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. अडकलेलं यंत्र इंटरनेटवरून दुरुस्तही होईना. माणसाने समोर बसून फाइल काढावी लागे. त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही वेगळा बिघाड झाला होता, त्यामुळे कुठला गोंधळ कोणामुळे हे वेगळं काढणं सोपं नाही. पण मुंबईसकट देशभरच्या विमानतळांवर चेक-इन हाताने करावं लागलं आणि प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आठवा सर्व्हर विसरणाऱ्या माणसाऐवजी इथे काहीच न विसरणारं यंत्र होतं, आणि नुकसान त्याच्या अचूकपणामुळेच इतकं पसरलं. कंपनीने नंतर अशा फायलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली.

दुसरा धोका चाव्यांचा. प्रॉडक्शनवर कोड टाकू शकणाऱ्या यंत्राकडे प्रॉडक्शनची चावी असते, आणि ती चोरली की चोराला पाइपलाइनची गरजच उरत नाही. याचा धडा देणारी घटना मुंबईत जन्मलेल्या कंपनीची आहे. ब्राउझरस्टॅक आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी 2011 मध्ये सुरू केली. वेगवेगळ्या ब्राउझरांवर वेबसाइट तपासून देणं हा तिचा धंदा, म्हणजे जगभरच्या पाइपलाइनमधला चाचणीचा टप्पा. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यावर हल्ला झाला. शिरकाव झाला तो एका जुन्या, वापरात नसलेल्या नमुना-यंत्रातून. शेलशॉक नावाने गाजलेली खोट त्याच्यावर दुरुस्त करायची राहिली होती आणि त्याच्यावर ॲमेझॉन क्लाउडच्या चाव्या तशाच पडल्या होत्या. चोराने त्या वापरून स्वतःचं यंत्र सुरू केलं, बॅकअपची डिस्क त्याला जोडली, तिच्यातल्या फाइलमधून डेटाबेसचा पासवर्ड मिळवला आणि काही ग्राहकांना 'कंपनी बंद होत आहे' अशी खोटी ईमेल धाडली. काय घडलं ते कंपनीने जाहीरपणे तपशिलात लिहिलं, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. आता रनरजवळ कायमची चावी ठेवावी लागत नाही. रनर क्लाउडला आपली ओळख पटवतो आणि तासाभरात आपोआप मरणारा परवाना घेतो. गिटहबवर ही सोय 2021 पासून आहे. मरोळच्या पाच-सहा जणांच्या कंपनीनेही पहिल्या दिवसापासून हेच करावं, त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

मंजुरीचं बटण कोणाकडे असावं यावर मात्र माझं मत प्रचलित पद्धतीहून वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी ते टीम लीडकडे असतं. अशा बिलिंगच्या कामात मी ते विक्रेत्याच्या हिशेबनिसाकडे दिलं असतं, कारण तिला दिसतं ते प्रोग्रॅमरला दिसत नाही. 5 टक्के कर बिलावर अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा असा विभागून छापतात. 10 रुपये 50 पैशांवर 5 टक्के म्हणजे साडेबावन्न पैसे, पूर्णांकात 53. पण अडीच टक्के म्हणजे 26.25 पैसे, पूर्णांकात 26, आणि दोन 26 मिळून होतात 52. जुन्या दरात सहा-सहा टक्क्यांनी 63-63 पैसे नेमके यायचे. पन्नास पैशांच्या पटीतल्या कुठल्याही किमतीला हा फरक पडतच नव्हता, म्हणून इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आला नव्हता. स्टेजिंगवरच्या चौथ्या-पाचव्या बिलाला तिने तो पकडला, मंजुरी दिली नाही, आणि त्याच दुपारी 10.50 रुपयांचं बिल रिपोत चौथी चाचणी म्हणून लिहिलं गेलं.